शब्दचर्चा: विषमज्वर, मुदतीचा ताप आणि पॅराटायफॉईड

खानापूरकर: आरोग्याच्या एका पत्रकाचं कन्नडवरून मराठी करायला घेतलंय. मुळात ‘विषमशीत ज्वर’ आहे. मराठीत ‘विषमज्वर’ लिहू की ‘मुदतीचा ताप’? पुढं पॅराटायफॉईडही आहे. त्याला ‘उपविषमज्वर’ चालेल?

निपाणीकर: ‘विषमज्वर’ म्हणजे टायफॉईड असं शाळेच्या पुस्तकानं शिकवलं, पण आयुर्वेदात विषमज्वराचे पाच प्रकार आहेत: संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक, चतुर्थक. दिवसाआड किंवा दोन दिवस सोडून उलटणारे शेवटचे दोन सरळ हिवतापासारखे दिसतात. टायफॉईडशी जुळला तर संतत जुळेल. पत्रक गावात वाटायचं असेल तर ‘मुदतीचा ताप’ लिहा. मुदत भरल्याशिवाय उतरत नाही, हे म्हाताऱ्या माणसांना अजून पाठ आहे.

लॅबवाला, बेळगाव: ‘मुदतीचा ताप’ला माझं मत, कारण तो दोन्ही जंतूंना पुरतो. ‘उपविषमज्वर’ मात्र नको. ‘उप’ लावलं की लोकांना ते धाकटं, किरकोळ वाटतं. पॅराटायफॉईड सौम्य असतो असं पुस्तकांत छापतात खरं, पण २००६ साली काठमांडूच्या रुग्णांवरचा अभ्यास आला, त्यात दोन्हींची लक्षणं आणि गंभीरपणा सारखाच निघाला. चढत जाणारा ताप, डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी. नुसतं तपासून कुणी वेगळं सांगू शकत नाही. विडालच्या, म्हणजे रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टात टीओ, टीएच, एएच, बीएच अशा चार ओळी असतात. पहिल्या दोन टायफॉईडच्या जंतूसाठी (टायफी), एएच पॅराटायफॉईडच्या ‘पॅराटायफी ए’ या जंतूसाठी. पण दोघांच्या पृष्ठभागावरचा एक घटक सामाईक असल्यानं टीओ पॅराटायफॉईडमध्येही वाढू शकतो. खरा निवाडा रक्ताच्या कल्चरचा (रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी), तोही अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतलेल्या.

खानापूरकर: मग दोन नावं ठेवायचीच कशाला?

लॅबवाला, बेळगाव: लसीसाठी. टायफीवर व्हीआय नावाचं साखरेचं कवच असतं. त्याची जनुकं एसपीआय-७ या गुणसूत्रावरच्या मोठ्या तुकड्यात बसलेली असतात. पॅराटायफी ए कडं तो तुकडाच नाही, म्हणजे कवचही नाही. टायफॉईडची व्हीआय लस या कवचालाच ओळखायला शिकवते. ‘लस टोचली होती की हो, मग परत टायफॉईड कसा?’ असं विचारणाऱ्याचं कल्चर बघावं, कधी पॅराटायफी ए निघतो. बाकी दोघेही फक्त माणसात राहायला सरावलेले, आणि दोघांचीही शेकड्यानं जनुकं निकामी झालेली. टायफीत २०० च्या वर.

निपाणीकर: म्हणजे वरती ‘मुदतीचा ताप’, आणि कंसात ‘टायफॉईड व पॅराटायफॉईड’. दुसऱ्याला मराठी शब्द घडवूच नका, रिपोर्टावर जे छापून येतं तेच राहू दे.

खानापूरकर: असं लिहितो: ‘मुदतीचा ताप (टायफॉईड व पॅराटायफॉईड) हा जिवाणूंच्या दोन प्रजातींमुळे होतो. टायफॉईडची लस पॅराटायफॉईडपासून वाचवत नाही.’

लॅबवाला, बेळगाव: ‘प्रजाती’ खोडा. दोन्ही साल्मोनेला एन्टेरिका या एकाच प्रजातीतले आहेत. ‘दोन प्रकारांमुळे’ लिहा. आणि पाणी उकळून पिण्याची ओळ लसीच्या वर घ्या, ती दोघांनाही लागू पडते.