काकस्पर्श झाला नाही, कुंभार कावळा आला. काय समजावं?

कुंभारवाड्यातली लेक:
नमस्कार. माहेर खानापूर तालुक्यात, नोकरीमुळे मी बेळगावात असते. आषाढात आमचे अण्णा गेले. दहाव्याला जे घडलं ते मनातून जात नाही, म्हणून इथं विचारते.

मलप्रभेला पाणी चढलेलं. घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या, त्यामुळे पिंड वर काठावरच, बांबूच्या बेटाजवळ ठेवले. पावसाची झड लागलेली आणि कावळा एकसुद्धा नाही. दीड तास आम्ही छत्र्या धरून लांब उभे. दादाला सगळे सांगत होते, हे कबूल कर, ते कबूल कर. चाक बंद पडू देणार नाही म्हण, आईला सांभाळीन म्हण, शेताचा वाद मिटवतो म्हण. तो बिचारा हात जोडून एकेक म्हणत होता. मला कुणी काही विचारलं नाही.

तेवढ्यात बेटातून एक पक्षी चालत बाहेर आला. उडत नाही, चालत. काळाभोर, लांब शेपटी, आणि पंख भाजलेल्या खापराच्या रंगाचे. पत्रावळीपासून हातभर अंतरावर थांबला, मान वाकडी करून आमच्याकडं बघितलं. डोळा गुंजेसारखा लालभडक. मग पत्रावळीला लागून गवतात चोच घातली, काहीतरी उचललं, आणि वळताना त्याची ओली शेपटी पिंडावरून फिरली. तसाच चालत परत बेटात.

आई म्हणाली, "शिवला की! कुंभार कावळा, तो पण कावळाच." गुरुजी म्हणाले, हा धरता येत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

अण्णा कुंभार होते. आमच्या परड्यात हा पक्षी आला की चाक थांबवून म्हणायचे, "ह्यो आपल्यातला. पंख बघ, आव्यातनं आत्ताच काढल्यागत." म्हणून विचारते. तो स्पर्श मी मानला तर चालेल का?

जांबोटीकर:
ताई, अण्णांना नमस्कार. पक्ष्याचं तेवढं मी सांगू शकतो. तो भारद्वाज. आपल्याकडं कुंभार कावळा, कन्नडमध्ये केंबूत. नावात कावळा असला तरी कुळ कोकिळेचं. मात्र कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकत नाही, स्वतःचं घरटं स्वतः बांधतो, दाट झुडपात नाहीतर बांबूत. उडण्यात कच्चा, म्हणून तुम्हाला चालत आलेला दिसला. गोगलगायी, सुरवंट, नाकतोडे, सरडे हे त्याचं खाणं. भात खायला तो येत नाही. पावसात गोगलगायी वर येतात, तुमच्यासमोर त्यानं बहुतेक तीच उचलली असणार.

या पक्ष्याची जोडी आपली जागा सहसा सोडत नाही. म्हणजे तुम्ही गेलात तेव्हा ते बेट त्याचंच घर होतं. पहाटे तिथं जाऊन उभ्या राहा, हूप-हूप-हूप असा घुमणारा आवाज येईल. हे सांगितल्यानं तुमचं काही कमी व्हावं असं मला वाटत नाही. इतकी माणसं उभी असताना हा लाजरा पक्षी उघड्यावर येणं मी क्वचित बघितलंय.

कडोलीचा आजोबा:
पोरी, गुरुजींचं चुकलं नाही. विधीला कावळाच लागतो, नाही आला तर दर्भाचा करायचा ही आपली रीत हाय, आणि तो केला म्हणजे विधी पुरा झाला. अण्णा अडकले असतील ही भीती आधी मनातनं काढ. माझ्या थोरल्या भावाला पण दर्भाचाच शिववला, त्या दिवशी असाच पाऊस.

भारद्वाजाचं दर्शन शुभ, हे तर आपली म्हातारी माणसं सांगतच आली. विधी गुरुजींचा, दर्शन तुझं. दोन्ही ठेव. आणि आईला "तसं नसतंय" म्हणून कुणी सांगू नका. चाळीस-पन्नास वर्षं माती भिजवून, मळून दिलेली बाई हाय ती, तिला ओळखू येतंय.

हिंडलग्याची सुमन:
ताई, तुम्हाला कुणी विचारलं नाही असं लिहिलंत. मी विचारते. तो समोर आला तेव्हा तुम्ही मनात काय म्हणालात?

कुंभारवाड्यातली लेक:
सुमनताई, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर लिहायला जमलं नाही.

बेंदराला अण्णा मातीचे बैल करायचे आणि घरोघरी द्यायचे, बदल्यात सुपभर भात. आमच्याकडं बैलांच्या डोळ्यांना गुंजा लावतात. लहानपणापासून ते काम माझं. माती ओली असतानाच गुंज दाबायची, काळा ठिपका पुढं येईल अशी, नाहीतर बैल आंधळा दिसतो. यंदा अण्णांचा फोन आला, "डोळं लावायला ये, माझा हात कापतोय." येते म्हणाले आणि गेले नाही. रजा मिळाली असती. मागितलीच नाही. पुढच्या महिन्यात ते गेले.

त्या पक्ष्यानं बघितलं तेव्हा मी एवढंच म्हटलं, अण्णा, मी येते म्हणाले होते, आले नाही. कबूल करण्यासारखं माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. त्यानंतर त्याची शेपटी फिरली. जांबोटीकर दादा, गोगलगायच असेल. मला तेही चालतंय.

आजोबा, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून फळीवरून गोणपाट बाजूला केलं. खाली सात बैल होते, बिनडोळ्यांचे. अण्णांनी माझ्यासाठी ठेवले होते म्हणे. शेजारी गुंजांचा डबा. माती पार वाळलेली, गुंज बसेना. मग बोट भिजवून एकेक खाच ओली केली, थोडी चिकण भरली आणि दाबल्या. चौदा डोळे लावायला संध्याकाळ झाली.