बेंगळुरूचं लीडपद की उद्यमबागेतलं वर्कशॉप? सल्ला हवाय

वडगावकरीण

नमस्कार. आधीच सांगते, बेळगाव की बेळगावी यावर इथं गाडी नेऊ नका. मला नोकरीचं विचारायचंय.

वय ३४. शाळा मराठी माध्यम, मग व्हीटीयू या कर्नाटकातल्या तांत्रिक विद्यापीठाचं इंजिनिअरिंग (गणिताचा एक पेपर दोनदा दिला, लपवण्यासारखं काही नाही). २०१३ पासून बेंगळुरूत सॉफ्टवेअर टेस्टिंग. आधी हातानं बटणं दाबायची, मग सेलेनियम, आता प्लेराइट, म्हणजे टेस्ट आपोआप चालवणारी टूलं. कोविडात घरी आले ती अजून वडगावातच आहे, माडीवरच्या खोलीत बसून काम करते. आता कंपनीचा मेल आलाय: पुढच्या महिन्यापासून आठवड्याचे चार दिवस ऑफिसात. सोबत टीम लीडचं पद आणि पगारवाढ.

काम वाईट नाही. रोज रात्री आमच्या चारेक हजार टेस्ट चालतात. सकाळी त्यातल्या शंभरेक लाल, म्हणजे नापास. नव्वद पुन्हा चालवल्या की आपोआप हिरव्या होतात, उरलेल्या दहांवर मीटिंग होते. ज्या प्रॉडक्टवर मी अडीच वर्षं घालवली ते मागच्या वर्षी एका शुक्रवारी मेल पाठवून बंद केलं. ते कोण वापरत होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कुणी वापरत होतं का, हेही नाही.

बाबांचं इथं बेळगावात उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत छोटं वर्कशॉप आहे. तीन साधे लेथ, आणि एक सीएनसी, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणारा लेथ. फाउंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, येतात, आम्ही टर्निंग करून, म्हणजे लेथवर मापात कापून, देतो. सीएनसी २००६ ची, तिचा मेंदू म्हणजे फानुक कंपनीचं कंट्रोल. मेमरी एवढीशी, म्हणून प्रोग्रॅम एका जुन्या विंडोज एक्स्पी कॉम्प्युटरवर ठेवायचे आणि लागेल तसा एकेक केबलनं मशीनमध्ये सोडायचा. जूनमधल्या पहिल्याच पावसात लाइट गेली-आली-गेली, आणि तो कॉम्प्युटर गेला. प्रोग्रॅमची एक कॉपी भावाच्या पेनड्राइव्हवर लग्नाच्या फोटोंखाली निघाली, पण ती चार दिवसांनी. तोवर ऑपरेटर मामा पॅनेलवर एकेक ओळ हातानं टाइप करत बसले. एक्स, आकडा, पॉइंट, झेड, आकडा, पॉइंट. एका ठिकाणी पॉइंट राहिला. आमच्या मशीनवर पॉइंट राहिला की ५० मिलिमीटरचे ५० मायक्रॉन होतात. टूल सरळ जॉबच्या मध्यात घुसलं. इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, गेला, कास्टिंग गेलं, आणि मामा दोन दिवस जेवणाच्या सुट्टीतसुद्धा कुणाशी बोलले नाहीत.

म्हणून मी माझ्या लॅपटॉपवर पायथनमध्ये, केबलनं मशीनमध्ये प्रोग्रॅम सोडणारी एक स्क्रिप्ट लिहिली. साठेक ओळी. वाटलं होतं तासाभराचं काम. तीन रात्री गेल्या. सात बिट, ईव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट, केबलवरून बोलायची सेटिंग सगळी बरोबर, तरी मध्येच ८७ नंबरचा अलार्म: बफर ओव्हरफ्लो, म्हणजे मशीनला झेपेना इतकं येतंय. वेग ९६०० वरून ४८०० वर आणला, तरी तेच. तिसऱ्या रात्री उमगलं. मशीन 'थांब' म्हणून खूण पाठवतं, पण माझा दोनशे रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर पोटात भरलेलं ओकतच राहतो. खूण दिल्यावर दहा अक्षरांच्या वर काही आलं की फानुक अलार्म मारतं. एफटीडीआय चिपवाली चांगली केबल आणली, ती ऐकते. पडद्यावर टक्क्याचं चिन्ह आलं, म्हणजे प्रोग्रॅमची सुरुवात, मग ओळी धावायला लागल्या, शेवटी परत टक्का. मामांनी सायकल स्टार्ट दाबलं, पहिला जॉब काढला, मायक्रोमीटर लावला, आणि मान हलवली.

बाबा म्हणाले, "तू केलीस हे?" एवढंच. आणि चहा सांगायला गेले.

नोकरीच्या इतक्या वर्षांत मला असं कधी वाटलं नव्हतं. आता प्रश्न. वर्कशॉपमधून मला महिन्याला फार तर चाळीस हजार सुटतील, तेही ओढूनताणून. आत्ताच्या पगाराच्या जवळपासही नाही. हप्ता माझ्या नावावर नाही, पण सीएनसीवर घेतलेलं कर्ज अजून अडीच वर्षं आहे. आणि खरी शंका वेगळीच आहे: ते समाधान कामाचं होतं, की बाबांचं तोंड बघून झालेलं? दुसरं असेल तर त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही. रविवारी पण मिळेल ते.

निपाणीकर

ताई, लीडचं पद घ्या, पैसे साठवा आणि बाबांना नवीन कॉम्प्युटर घेऊन द्या. विषय संपला. बाकी ते पॉइंटचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडं बिडीचा हिशेब चुकला तर दोन बंडलं जातात फक्त.

परत_गेलेला

मी खानापूर तालुक्यातला. २०२१ ला नोकरी सोडून गावी आलो आणि दूध संकलनासाठी ॲप केलं. शेतकऱ्याला फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून घन भाग), लिटर आणि रक्कम रोज मोबाइलवर. कौतुक इतकं झालं की शाळेत सत्कारसुद्धा झाला, शाल-श्रीफळ. पैसे मागितले की सगळे म्हणायचे, "बघू की, दिवाळीनंतर." चौदा महिन्यांनी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडून परत बेंगळुरू. शाल अजून आहे, थंडीत वापरतो.

तुम्हाला परावृत्त करत नाही. पण तुमचा तो क्षण मला ओळखीचा वाटला. माझाही असाच होता: पहिल्या दिवशी एका आजोबांनी मेसेज वाचून दाखवला होता. मी त्या एका मेसेजवर चौदा महिने काढले.

दुसरी गोष्ट, लीड झालात की कोड सुटतो. पहिले सहा महिने कळत नाही. मग एक दिवस कुणीतरी साधी गोष्ट विचारतं आणि आपण "टीमला विचारून सांगतो" म्हणतो. आता तर टेस्टचा पहिला मसुदा एआय लिहून देतं आणि लीडनं तो तपासायचा. तपासणं हेही काम आहे, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला हात घालायला आवडतं.

उद्यमबाग_१९८८

पोरी, तुझ्या बाबांना मी बहुतेक ओळखतो, नाव विचारत नाही. माझं स्वतःचं शॉप आहे, आता मुलगा बघतो. तुझ्या प्रश्नाचं उत्तर घरात बसून मिळायचं नाही. बाबांच्या मशीनवर मोजू नकोस. परक्याच्या मशीनवर कर, बिल दे, पैसे घे, मग तुला काय वाटतंय ते बघ.

काय करायचं तेही सांगतो. "सॉफ्टवेअर करून देते" असं म्हणत कुणाच्या दारात जाऊ नकोस, चहा मिळेल फक्त. उद्यमबागेत, मच्छेत जुन्या सीएनसी किती आहेत बघ. प्रत्येकात मेमरी जपणारी बॅटरी असते. ती संपली की प्रोग्रॅम तर जातातच, पॅरामीटरपण जातात. पॅरामीटर म्हणजे मशीनची जन्मपत्रिका, तिची सगळी सेटिंग. ती गेली की मशीन म्हणजे नुसतं लोखंड, कंपनीचा माणूस येईपर्यंत. आमचं एक मशीन २०११ ला असं अकरा दिवस बंद होतं. ऑर्डर दुसऱ्याकडं गेली ती परत आली नाही. मालकांना विचार, "पॅरामीटरचा बॅकअप आहे काय?" बहुतेक जण कपाटातला एक जुना कागद दाखवतील, नाहीतर तोंडाकडं बघतील. तुझी केबल आणि तुझी स्क्रिप्ट तेच काम करते की, फक्त उलट्या दिशेनं.

पैशाचं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घे. लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे हे २००६ च्या कायद्यातच आहे, लेखी करार नसेल तर पंधरातच. २०२४ पासून वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही, त्यामुळं मोठे लोक थोडे हललेत. आमच्यासारखे लहान मात्र उधारीवरच चालतात. लहानाकडून काम संपल्या संपल्या रोख घे. लाजू नकोस.

कॉलेजातला_मास्तर

काकांशी सहमत. शिकण्याबद्दल दोन शब्द, कारण आमच्याकडं येणारी नोकरदार मुलं आधी कुठला एआयचा सर्टिफिकेट कोर्स करू असं विचारतात. तुम्हाला त्याची गरज नाही. तुम्हाला लेथवर उभं राहायची गरज आहे. जी-कोड, म्हणजे सीएनसीच्या प्रोग्रॅमची भाषा, वाचता येतो म्हणजे मशीन कळतं असं नाही; कटिंग स्पीड चुकला की आवाज कसा बदलतो, हे मामांना ठाऊक आहे, तुम्हाला नाही. बेळगावात जीटीटीसी हे सरकारी टूल रूम आणि ट्रेनिंग सेंटर आहे, तिथल्या कमी मुदतीच्या कोर्सची चौकशी करा. पीएलसीची, म्हणजे कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरची, बाजू शिकायची तर मोडबस या यंत्रांच्या आपसातल्या भाषेपासून सुरुवात करा. १९७९ चं आहे, पण अजून जागोजागी तेच बोललं जातं. नव्या फानुकला इथरनेटवरून, फानुकच्याच फोकास लायब्ररीनं बोलता येतं, ते नंतर.

आणि अकरा-बारा वर्षांचं टेस्टिंग वाया गेलं असं समजू नका. वेग बदलून, केबल बदलून, एका वेळी एकच गोष्ट हलवून तुम्ही दोष पकडलात. आमच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी पहिल्याच रात्री मशीनला दोष दिला असता.

निपाणीकर

मास्तर, आम्ही शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा मशीनच दाखवलं नव्हतं. दोष देणार कशाला?

वडगावकरीण

सगळ्यांचे आभार. परत_गेलेला दादा, तुमची शाल वाचून हसले आणि मग हसू थांबलं.

काकांचं ऐकून शनिवारी सात शॉप फिरले. दोन ठिकाणी मला वाटलं तसं झालं: "साहेब आत आहेत," आणि साहेब म्हणजे बाबांचे ओळखीचे, त्यामुळं चहा. चार ठिकाणी बॅकअप नाही. त्यातल्या एकानं खरंच कपाटातून पिवळा पडलेला कागद काढला, त्यावर वाळवीनं एक कोपरा खाल्लेला.

सातव्यानं मात्र मला आत नेलं. १९९८ ची मशीन, स्क्रीनवर बॅट अशी अक्षरं लुकलुकतायत, म्हणजे बॅटरी संपत आलीय. विचारलं, "कधीपासून?" म्हणाले, "गणपतीच्या आधीपासून." पोटात गोळाच आला. यांना बाबांचं नावही माहीत नाही. मुख्य म्हणजे मी बाई आहे याचं त्यांना काही पडलेलं नव्हतं, फक्त "किती घेणार" विचारलं. मी दीड हजार म्हणाले. रस्त्यात आल्यावर वाटलं, तीन म्हणायला हवं होतं.

कंपनीकडं तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. मॅनेजर म्हणाले, लीडचं पद तोवर थांबणार नाही. थांबू नये, असं मी लिहून दिलं. मेल पाठवताना हात थरथरत होता, हे इथं कबूल करते, घरी केलं नाही. आई अजून बोलत नाही. बाबा काही म्हणाले नाहीत, पण रविवारी दुपारी माझी एफटीडीआयची केबल दिसेना म्हणून शोधत होते, तर त्यांनी ती पुसून, गुंडाळून वरच्या खोलीत टेबलावर ठेवली होती.

उद्या साडेनऊला त्या सातव्या शॉपमध्ये जातेय. आधी पॅरामीटर आणि प्रोग्रॅम लॅपटॉपवर काढून घ्यायचे, मग सेल बदलायचे. टॉर्चमध्ये घालतात तसले मोठे सेल आहेत, कालच आणून ठेवले. मालकांना आत्ताच परत फोन केला: मी येईपर्यंत मशीनचा मेन स्विच बंद करू नका, सेल मशीन चालू असतानाच बदलायचे असतात. ते म्हणाले, "रात्री लाइट गेली तर?"

ते मला सुचलंच नव्हतं. काका, जागे असाल तर सांगा.

उद्यमबाग_१९८८

जागा आहे. सेल अजून पुरता मेलेला नाही, तोवर लाइट गेली तरी मेमरी तग धरेल. पण वाट बघू नकोस. साडेनऊ नको, आठला जा. वॉचमनला माझं नाव सांग.