व्हेस्ट, वेस्ट आणि वेस्ट: उच्चार छापायचा कसा?

निळीशाई
मराठी माध्यमात शिकलेल्या मोठ्या माणसांसाठी इंग्रजी शब्दांची छोटी पुस्तिका करतेय. यूपर्यंत सगळं सुरळीत झालं, व्ही आणि डब्ल्यूच्या समोरासमोरच्या पानांवर अडले. डावीकडे बनियन, उच्चार 'व्हेस्ट'. उजवीकडे पश्चिम, कंबर आणि वाया घालवणे, तिन्हींपुढे 'वेस्ट'. शेवटच्या दोघांचा इंग्रजीतही एकच उच्चार, ते ठीक. पण पश्चिमेतला ए आखूड, तो देवनागरीत दाखवू कसा? चाकाचा घोळ याहून मोठा. मी 'व्हील' लिहिलं होतं. मुद्रितशोधकांनी लाल शाईने 'वील' केलं आणि समासात लिहिलं, "व्ह फक्त व्हीसाठी राखावा." मग पांढऱ्याचं 'वाइट' छापू? शिकणारा तर 'वाईट'च वाचणार. तुम्ही काय केलं असतं?

वरवंटा
मुद्रितशोधक बरोबर आहेत. चाकातला ह आज बहुतेक इंग्रज उच्चारत नाहीत, स्कॉटलंड-आयर्लंडकडे तेवढा ऐकू येतो. शिकणाऱ्यांना नसलेला ह कशाला शिकवायचा?

बोरीबंदर
पण 'व्हाइट हाउस' आणि 'व्हॉट्सॲप' सगळी मराठी वर्तमानपत्रं व्ह घालूनच छापतात. रूढी मोडून पुस्तिका काढलीत तर वाचणाऱ्याला तीच चूक वाटेल. आणि व्ही-डब्ल्यूचा हा फरक निदान आपण करतो. हिंदीत 'टीवी', 'विटामिन', 'वोट'. आपल्याकडे 'टीव्ही', 'व्हिटॅमिन', 'व्होट'. कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवरसुद्धा 'व्हेज' असतं, 'वेज' नाही. मला याचा खरोखर अभिमान आहे.

कोकणी मेवा
अभिमान असू दे, पण 'केव्हा', 'नव्हे', 'चव्हाण' यातला व्ह म्हणजे इंग्रजी व्ही नव्हे. आपल्या व्हमध्ये श्वास सुटतो. व्हीमध्ये वरचे दात खालच्या ओठावर टेकतात आणि ओठ गुणगुणतो. मी आठ वर्षं शिकवण्या घेते. मुलांच्या हातात छोटा आरसा देते. 'व्हॅन' म्हणताना दात दिसले पाहिजेत, 'वन' म्हणताना शीळ घालायला ओठ चंबू करतो तसे झाले पाहिजेत. एका मुलाच्या ओठावर दातांचे वळ उठले होते, पण त्या दिवसानंतर तो कधी चुकला नाही. लिहून हे शिकवता येत नाही, निळीशाईताई. पानावर ओठांचं चित्र घाला.

आजोळ
अगदी पटलं. मेलबर्नला नर्सरीत द्राक्षाचा वेल मागायला गेले, तर तिथल्या माणसाने पलीकडचं दारूचं दुकान दाखवलं. तीनदा सांगितलं, तीनदा तेच. शेवटी मोबाईलवर फोटो दाखवला.

वरवंटा
याचं मूळ आपल्या व मध्येच आहे. तो या दोन इंग्रजी उच्चारांच्या मधे कुठेतरी बसतो. म्हणून तर रोमन लिपीत वसई, विरार, वाशी व्हीने आणि वडाळा, वरळी, वर्धा डब्ल्यूने. मराठीत सगळीकडे एकच व. पोर्तुगिजांकडून 'चावी' घेतली तेव्हा मूळ शब्दात व्ही होता, आपण सरळ व लिहिला. व्ह लिहायची सवय इंग्रजांच्या काळातली.

बोरीबंदर
मग 'व्हरांडा'? तोही पोर्तुगीजच ना?

वरवंटा
तो इंग्रजीच्या वाटेने परत आला असावा, म्हणून व्ह. हा माझा तर्क.

पिंपळपान
मूळ शब्दाकडे कुणी बघितलंच नाही. डाव्या पानावर अर्थ 'बनियन' का? ब्रिटिश इंग्रजीत तो बरोबर, पण अमेरिकेत त्याच शब्दाचा अर्थ बिनबाह्यांचं जाकीट. आणि 'बनियन' तरी मराठी कुठे? इंग्रजांनी बनिया व्यापाऱ्यांवरून झाडालाही तेच नाव दिलं आणि कपड्यालाही, तेच आपण परत घेतलं. आपला शब्द बंडी. तो छापा.

आजोळ
आमच्याकडे गंजीफ्राक! आजोबा सकाळी दोरीवरचा गंजीफ्राक झटकून घालायचे, मगच चहा. बंडी म्हणजे वर घालायची, खिसेवाली.

वरवंटा
गंजी म्हणजे गर्न्सी. इंग्लिश खाडीतलं बेट, तिथल्या विणलेल्या सदऱ्यावरून. आणि बिनबाह्यांची ती सँडो, युजेन सँडो या पहिलवानाच्या नावावरून. त्याच्या नावाच्या शेवटी डब्ल्यूच आहे.

पिंपळपान
म्हणजे अंगाला चिकटलेला एकही शब्द आपला नाही? म्हणूनच म्हणतो, बंडी.

निळीशाई
पान सोमवारी छापखान्यात जातंय. ओठांचं चित्र घालते, कोकणी मेवा, मनापासून आभार. चाकाचं मात्र अजून ठरत नाहीये. व्हील की वील?

आजोळ
पिंपळपान, बंडी आणि बाराबंदी यात गल्लत होतेय का तुमची? बाराबंदीला बारा बंद असतात, ती वेगळी.

पिंपळपान
गल्लत नाही. आमच्या गावी दोन्ही होत्या. बंडीला पुढे बटणं, आत चोरखिसा. आजीने शिवलेली एक अजून ट्रंकेत आहे, उद्या फोटो टाकतो.