मेटाडेटा, अधिविदा आणि बस्त्यावरची चिठ्ठी

हळकुंड:
नमस्कार मंडळी. वसमतला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. औंढा नागनाथच्या लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या वेधशाळेला, एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर झाले, तेव्हापासून पोरांना गुरुत्वीय लहरींचं येड लागलंय. म्हणून दोन दिवसांचं शिबिर ठेवलंय. त्यात पायथन या संगणकाच्या भाषेतलं 'जीडब्ल्यू डेटा फाइंड' हे साधन दाखवणार आहे. खिडक्या नाहीत, बटणं नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. वेधशाळा कोणती, फाइलचा प्रकार कोणता, कितव्या सेकंदापासून कितव्या सेकंदापर्यंत, एवढं सांगितलं की त्या वेळेच्या फायली कुठं ठेवल्यात त्याचे पत्ते समोर येतात. फाइल उघडून आत काय आहे ते मात्र ते बघत नाही.

पत्रकात मी लिहिलं, 'हे साधन विदासंचांच्या अधिविदेवर पृच्छा करते.' आमच्या लॅबमधल्या चाचांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "मॅडम, कौन विदा हो रा?" पुढं एका पोरानं 'पृच्छा'चं 'पुच्छ' वाचलं. तर मेटाडेटाला, म्हणजे डेटाविषयीच्या माहितीला, काय लिहू?

शुद्धमती:
अधिविदा अगदी बरोबर आहे. विद् म्हणजे जाणणे, त्यावरून विदा. 'अधि' म्हणजे वरचा, जसं अधिभार. कुणाला कळलं नाही म्हणून शब्द टाकून द्यायचा का? सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' दिले तेव्हा तेही लोकांना परकेच वाटले असतील.

मोंढेकरी:
दिनांक अर्जावर चालला हो. पण कोर्टात अजून तारीखच पडते. 'पुढचा दिनांक पडला' म्हणणारा वकील दाखवा, चहा माझ्याकडून.

शुद्धमती:
विषय कोर्टाचा नाही.

भुईमूग:
सरकारी परिभाषेत डेटाला 'आधारसामग्री' आहे. मेटाडेटा म्हणजे मग आधारसामग्रीविषयक आधारसामग्री.

मोंढेकरी:
आणि पोरं इचारतील, आधार लिंक केलंय का म्हणून.

जुना कारकून:
ताई, जरा लांबण लावतो, माफ करा. आमची नोकरी सगळी महसुलात गेली. रेकॉर्ड रूममध्ये निजामी काळातले कागद फडक्यात बांधून ठेवलेले असत, त्याला आम्ही बस्ता म्हणायचो. गाठीत पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवलेली. तिच्यावर मौजे, तालुका, साल आणि आत पानं किती. कुणी नक्कल मागायला आलं की आधी चिठ्ठ्या बघायच्या. बस्ता सोडायचा तो शेवटी, कारण जुना कागद हाताळला की तुटतो. तुमचं ते काळ्या पडद्यावरचं यंत्र नेमकं हेच करायलंय. तेव्हा डेटासेट म्हणजे बस्ता आणि मेटाडेटा म्हणजे बस्त्यावरची चिठ्ठी. नवीन शब्द पाडायची गरज काय?

एक अनुभव सांगतो. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा मोडी वाचता येते म्हणून मला एका तहसीलला बोलावलं. एका बस्त्याच्या चिठ्ठीवर एका गावाचं नाव, साल १३५७ फसली, म्हणजे जुनं महसुली साल. सोडून बघतो तर आत कागद नदीपल्याडच्या गावाचे. कधीतरी कुणीतरी पुसायला काढले असतील आणि बांधताना चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल. कागद सगळे धड, एक पान फाटलेलं नाही, पण सापडेनात. दोन दिवस गेले. तुमच्या यंत्रात चिठ्ठी चुकली तर काय करता?

हळकुंड:
काका, अगदी नेमका प्रश्न. चिठ्ठी चुकली तर आमचंही तेच होणार. फक्त इथं चिठ्ठीतला बराच भाग फाइलच्या नावातच शिवलेला असतो. १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली, तिची एक छोटी फाइल सगळ्यांसाठी खुली आहे. नावाचं पहिलं अक्षर एच, म्हणजे अमेरिकेतली हॅनफर्डची वेधशाळा. पुढं प्रकार आणि आवृत्ती, मग ११२६२५९४४६, आणि शेवटी ३२. तो मोठा आकडा म्हणजे ६ जानेवारी १९८० पासून मोजलेले सेकंद, त्यांना जीपीएस सेकंद म्हणतात. त्या क्षणापासून ३२ सेकंदांची नोंद आत आहे. लहर त्यातल्या साधारण सोळाव्या सेकंदाला येते, आणि तीही जेमतेम ०.२ सेकंद.

तुमचं फसली साल बघून हसू आलं. जीपीएस सेकंद म्हणजे आमचं फसलीच की. तुम्ही ५९० मिळवून इसवी सन काढता, आम्ही त्यासाठी दुसरी कमांड चालवतो.

जुना कारकून:
५९० किंवा ५९१. महिना बघावा लागतो.

पर्वतीकर:
चर्चा छान, पण मराठीत याला 'रुमाल' म्हणतात. पेशवे दफ्तरात कागदांचे रुमालच आहेत. बस्ता हा हिंदीतला शब्द, अर्थ शाळेचं दप्तर.

मोंढेकरी:
घ्या, पुणं आलं. आमच्याकडं रुमाल डोक्याला बांधतात नाहीतर नाक पुसायला घेतात. आणि बस्ता म्हणजे लग्नाचे कपडे. गेल्या महिन्यात पुतणीचा बस्ता बांधला, सत्तावीस साड्या निघाल्या आणि नेमकी वरमाईचीच राहिली. दुकानदारानं गठ्ठ्यावर चिठ्ठी लावली असती तर तिथंच कळलं असतं.

शुद्धमती:
कपडे म्हटल्यावर स्पष्टच आहे. वस्त्र, वस्ता, बस्ता. म्हणजे मूळ संस्कृतच.

जुना कारकून:
नाही हो. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे, बस्ता म्हणजे बांधलेलं. बंदोबस्तातला 'बस्त' तोच. म्हणून तर बस्ता 'बांधतात', नुसता विकत घेत नाहीत.

शुद्धमती:
मग फारसीच वापरायची असेल तर इंग्रजीनं काय घोडं मारलंय? मेटाडेटाच लिहा.

भुईमूग:
मी ते पहिल्यापासून म्हणणार होतो. आणि तो 'मेटा' ग्रीक, तिथं त्याचा एक अर्थ 'नंतरचा'. 'वरचा' नाही, की अधि लावावं.

पूर्णा जंक्शन:
ग्रीक कशाला? आमचे वडील रेल्वेच्या गँगवर मेट होते. मेट गिट्टी उचलत नाही. कोण आलं, कोण नाही, कुठल्या मैलावर काम चाललंय, ते वहीत ठेवतो. मेटचा डेटा तो मेटाडेटा.

हळकुंड:
पूर्णा जंक्शन, हे मी वर्गात वापरणार! पण मंडळी, पत्रक शुक्रवारी झेरॉक्सला द्यायचंय. त्या एका ओळीत काय छापू? 'हे साधन बस्ता न सोडता चिठ्ठ्या वाचतं' चालेल का?

पर्वतीकर:
'रुमाल न सोडता'.

शुद्धमती:
'साधन' ठेवलंत याचं समाधान आहे.

मोंढेकरी:
ताई, ते राहू द्या, आधी सांगा तुमच्या वसमतचे लोक बस्ता बांधायला नांदेडला जातात का परभणीला? आमच्या व्याह्यांचा यावरच वाद चाललाय.