काळं पदक, चकचकीत पदक आणि कडेवरचा एक आकडा

वाघूरकाठ

काल आपल्या फोरमवर एका भाऊंनी पहिल्या महायुद्धाच्या जोडीचे 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो टाकले: चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल आणि ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. खाली लिहिलं होतं, "काळं पडलेलं पदक म्हणजे सैनिकाचा अपमान. चिंच-मीठ लावा, पावडरने घासा, नवी रिबन, लाल मखमल, फ्रेम. प्रत्येक संग्राहकाने हे केलंच पाहिजे." त्यावर हात जोडणाऱ्यांची रांग लागली. 'केलंच पाहिजे' वाचून राहवेना, म्हणून वेगळा धागा.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाने. तो काळा पापुद्रा चांदीचाच बनलेला असतो. पावडरने घासताना तो निघतो आणि त्याच्यासोबत खालची चांगली चांदीही निघते. राजाच्या गालाचं हाड, मागच्या घोडेस्वाराची मांडी, घोड्याची मान हे उंचवटे आधी सपाट होतात. ते एक वेळ सोडा. खरी वाट लागते कडेची. नंबर, हुद्दा, नाव, पलटण हे सगळं त्या अरुंद पट्टीत ठशाने ठोकलेलं असतं आणि खोली नखाला लागेल न लागेल एवढीच. दरवर्षी दिवाळीच्या भांड्यांबरोबर पदक घासलं की इंग्रजी आकड्यांतला तीन कुठला आणि आठ कुठला ते कळेनासं होतं.

व्हिक्टरी मेडलला चिंच लावली की ब्राँझचा जुना तपकिरी रंग जातो आणि खालून गुलाबी तांबूस धातू निघतो. तो रंग परत येत नाही.

मळ काढायचाच असेल तर रिबन आधी उतरवा. बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड वॉटर कोमट करा, त्यात बिनवासाच्या सौम्य साबणाचा एक थेंब. कापसाची काडी फिरवा, घासू नका. पुन्हा साध्या डिस्टिल्ड पाण्याने धुवा, टिपून घ्या, पंख्याखाली तासभर ठेवा. बस्स. काळं राहिलं तर राहू द्या.

सुवर्णनगरी७

ती पोस्ट माझीच. 'एका भाऊंनी' कशाला, नाव घ्या की.

तुमचं रसायनशास्त्र बरोबर असेल, पण घराघरात काय चालतं ते तुम्हाला दिसत नाही. माळ्यावरच्या डब्यात काळी चकती सापडली की ती थेट सराफाकडे जाते. वॉर मेडल स्टर्लिंग चांदीचं, वजन एका औंसाच्या आसपास, म्हणजे आजच्या दहा ग्रॅमी तोळ्याने तीन तोळ्यांच्या वर. जळगावच्या सराफ बाजारात त्याला पदक म्हणून नाही, मोड म्हणून भाव मिळतो. १९८० च्या जानेवारीत चांदी भडकली तेव्हा जगभर ही पदकं वितळली. तेच पदक फ्रेममध्ये चमकत बैठकीत लागलं असतं तर विकायला कुणाचा हात धजला असता का? तुमचं काळं पदक शास्त्रशुद्ध मुशीत जाईल, माझं पांढरं भिंतीवर राहील.

आणि कड वाचलीय मी. ११७ मराठा. म्हणजे माणूस आपला, खान्देशचा. त्याचा मान चमकलाच पाहिजे.

पांझरा_धुळे

सराफाचा मुद्दा खरा आहे, मान्य. पण त्याचा उपाय पावडर नाही, पदकासोबत ठेवलेली चिठ्ठी आहे. साध्या कागदावर पेन्सिलीने लिहा: कडेवरचा मजकूर अक्षर न अक्षर, वजन, व्यास, कुणाच्या घरून आलं. चिठ्ठी असलेली चकती मोडीत टाकताना माणूस एकदा तरी थांबतो.

आणखी एक. वॉर मेडल ब्राँझचंही असतं. लेबर आणि पोर्टर कोअरच्या, म्हणजे मजूर-हमालांच्या तुकड्यांतल्या, माणसांना ते मिळालं, रिबन तीच. आपल्याकडे ते 'डुप्लिकेट' म्हणून फेकतात. एरवी ज्यांना कुणी विचारलं नाही त्या हमालांची पदकं चांदीची नव्हती म्हणूनच मुशीतून वाचतात, आणि मग घरचेच ती भंगारात टाकतात.

वाघूरकाठ

@सुवर्णनगरी७ ११७ मराठा म्हणजे खान्देशचा, हे कुठून काढलं? पलटणीच्या नावावरून गाव निघत नाही. मराठा पलटणींची भरती मुख्यतः कोकण, सातारा, पुणे, नगर, कोल्हापूर या बाजूची. खान्देशातली माणसं नव्हती असं नाही, पण 'मराठा' वाचलं की जळगाव हा जावईशोध आहे.

सुवर्णनगरी७

म्हणजे खान्देशचे लोक लढले नाहीत असं म्हणायचंय का तुम्हाला?

वाघूरकाठ

मी काय लिहिलं ते पुन्हा वाचा.

धरणगाव_छावणी

खान्देशच्या लष्करी इतिहासाची सुरुवातच आमच्या गावातून आहे. १८२५ मध्ये ब्रिटिश अधिकारी आऊटरामने भिल्ल कोअर, म्हणजे भिल्लांची पलटण, धरणगावला उभी केली. त्यावर कुणी बोलत नाही, सगळे मराठा पलटणींवर घसरतात. बाजारात 'खान्देश भील कोअर' कोरलेलं आर्मी ऑफ इंडिया मेडल बघायला मिळतं, रिबनवर बसवतात त्या असिरगडच्या लढाईच्या धातूच्या पट्टीसकट. तो खरा ठेवा. तो कुणी शोधत नाही.

पांझरा_धुळे

ते पदक घेऊ नका! कुणी फुकट दिलं तरी संशयाने बघा.

आर्मी ऑफ इंडिया मेडल १८५१ मध्ये मंजूर झालं, १७९९ ते १८२६ च्या लढायांसाठी, आणि फक्त तोवर हयात असलेल्यांना मिळालं. असिरगडची पट्टी २१ ऑक्टोबर १८०३ ची. १८१९ च्या वेढ्याला पट्टीच नाही, ही चूक नेहमी होते. आता हिशेब करा. १८०३ साली विशीत असलेला शिपाई पदक मंजूर झालं तेव्हा अडुसष्टीला टेकलेला. आणि कोअर उभी राहिली १८२५ ला. असिरगड पडला तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती. तिचं नाव त्या पट्टीबरोबर एका कडेवर आलंच कसं?

अशा ठिकाणी पदक बहुतेक ओतीव असतं, नाहीतर खऱ्याची कड तासून नाव पुन्हा घातलेलं. तपास कठीण नाही. व्हर्नियरने, म्हणजे बारीक मापाच्या पट्टीने, व्यास चार दिशांनी मोजा. वॉर मेडल आणि व्हिक्टरी ३६ मिलिमीटर. कड तासली असेल तर माप कमी भरतं, किंवा एका दिशेला कमी आणि दुसरीकडे बरोबर. ओतीव असेल तर धातू थंड होताना आकसतो, म्हणून सगळीकडूनच किंचित लहान. भिंगाखाली पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात, कडेवर साच्याची जोडरेषा किंवा ती तासल्याच्या आडव्या खुणा. वॉर मेडलची रिबन ओवायची वरची सरळ दांडी घट्ट असते, फिरत नाही. फिरली तर हातातलं खाली ठेवा.

धरणगाव_छावणी

बरं, असिरगडचं मागे घेतो. कोअरचं नाही.

सातपुडा_पायथा

कोअरचं तुम्ही अभिमानाने सांगताय, म्हणून विचारतो. त्या कोअरने कुणाला आवरलं? भिल्लांचा नायक खाज्या नाईक आधी कंपनीच्याच चाकरीत सेंधव्याचा घाट सांभाळत होता, मग तिच्याविरुद्ध उठला. १८५८ च्या एप्रिलात आंबापाणीला त्याच्या माणसांवर गोळ्या चालल्या. आणि आता १८५७-५९ चा उठाव मोडल्याचं म्युटिनी मेडल लोक 'शौर्य' म्हणून फ्रेम करतात. ते कुणाच्या विरुद्धचं शौर्य, तेही फ्रेमच्या खालच्या पाटीवर लिहा ना.

धरणगाव_छावणी

कोअरमधले जवानही भिल्लच होते. त्यांचं पोट, त्यांची नोकरी. आज बसल्या जागी त्यांना गद्दार ठरवणं सोपं आहे.

सातपुडा_पायथा

गद्दार हा शब्द तुमचा, माझा नाही. पदक ठेवा, जपा, मोडू नका. फक्त चिठ्ठी पूर्ण लिहा. पांझराभाऊ वजन आणि व्यास लिहायला सांगतात, मी म्हणतो पट्टीचा अर्थही लिहा. सेंट्रल इंडियाची पट्टी असली तर तो माणूस कुठल्या मोहिमेवर होता. विनापट्टीचं असलं तर पलटण त्या दोन वर्षांत कुठं होती. संशोधन त्यालाच म्हणतात, मखमलीला नाही.

सुवर्णनगरी७

विषय पदक घासण्याचा होता. इथं आंबापाणी कसं आलं?

केळीबाग_रावेर

काय भो, तुम्हीच खान्देश आणला. आता खान्देश बठ्ठा येईल.

वाघूरकाठ

११७ वर परत येतो, कारण हेच लोकांचं सगळ्यात जास्त चुकतं. १९१४ मध्ये नावात मराठा असलेल्या सहा पलटणी: १०३, १०५, ११० या मराठा लाइट इन्फन्ट्री, आणि ११४, ११६, ११७ या नुसत्या मराठाज. म्हणजे कडेवर 'एल.आय.' असेल तर पहिल्या तिघींतली, नसेल तर दुसऱ्या तिघींतली. १९२२ मध्ये त्यांची ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली: १०३ ची पहिली बटालियन, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी, ११४ ची दहावी. त्यामुळे महायुद्धाच्या पदकावर ११६ आणि घरातल्या पेन्शनच्या कागदावर 'चौथी बटालियन' असं सापडलं तर माणूस एकच असू शकतो. लोक दोन भाऊ समजतात.

प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र. नुसता शिपाई नंबर घेऊन काहीही निघत नाही, नंबर आणि पलटण दोन्ही हवेत. १०३, ११०, ११७ मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या, तो २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. ११४ आणि ११६ त्या वेढ्यात नव्हत्या. कडेवरचा एक आकडा बदलला की अख्खा माणूस बदलतो.

गाव शोधायचं तर: युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदीत कधीकधी बापाचं नाव, गाव, तालुका असतो. पण मेसोपोटेमियात गेलेल्यांसाठी बसराच्या स्मारकावर भारतीय शिपायांची नावं नाहीत, पलटणवार फक्त संख्या आहे. नाव दगडावर दिसलं नाही म्हणजे तो माणूस नव्हताच, असं धरू नका. जिवंत परतला असेल तर काम अवघड. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या मेडल कार्डांत, म्हणजे पदक मिळालेल्यांच्या नोंदीत, भारतीय शिपायांची कार्डं फारच थोडी. पंजाबचे ३ लाख २० हजार सैनिकांचे रजिस्टर लाहोरला सापडले आणि ते संगणकावर आले. आपल्याकडे तसं काही हातात नाही. मग गावातली १९१४-१९ ची संगमरवरी पाटी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, जुने फेरफार.

कागदावर जिल्हा नुसता 'खान्देश' असेल तर तो १९०६ च्या आधीचा समजा. त्यानंतर पूर्व आणि पश्चिम खान्देश. इंग्रजी स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकून बघा, आणि धुळे हे 'धुलिया' म्हणून शोधा.

केळीबाग_रावेर

एवढी खटपट करण्यापेक्षा परदेशातल्या लिलावात टाका. तिकडे भारतीय पलटणींच्या पदकांना गिऱ्हाईक आहे.

पांझरा_धुळे

आणि तुरुंगात जा. १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षं झालेली ऐतिहासिक वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. महायुद्धाची पदकं आता त्या रेषेवर आलीत, बरीचशी पलीकडे गेलीत.

सुवर्णनगरी७

तुम्ही सगळे मिळून मला खलनायक करा. हरकत नाही. पण जुनी रिबन तुकडे पडत होती, ती बदलली त्यात काय चूक? आणि नवीही सिल्कच आहे, दुकानदाराने खात्रीने सांगितलं.

पांझरा_धुळे

बदललीत ती चूक नाही, जुनी टाकलीत का ते सांगा. तुकडे असले तरी पाकिटात घालून मागे ठेवायचे असतात. नव्या रिबनवर काळोखात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. निळी-पांढरी चमकली तर अलीकडचा धागा. पण जुनी रिबन कुणी कपड्याच्या पावडरीत धुतली असेल तर तीही चमकते, म्हणून एवढ्यावरच निकाल देऊ नका. वॉर मेडलची रिबन ३२ मिलिमीटर, व्हिक्टरीची ३९. दोन्ही एकाच मापाच्या असतील तर दुकानदाराची खात्री तिथेच संपली.

सुवर्णनगरी७

दोन्ही एकाच मापाच्या आहेत. झालं समाधान?

वाघूरकाठ

समाधान नाही. पदकं फ्रेममध्ये कशी बसवलीत?

सुवर्णनगरी७

झटपट चिकटणाऱ्या गोंदाने. मागे प्लाय, वर मखमल, खाली स्पंज.

वाघूरकाठ

प्लायमधून आम्लाची वाफ सुटते, स्पंज काही वर्षांत चिकट होऊन धातूला बसतो. आजच काढा, पण ओढू नका, दांडीचा जोड तुटेल. रिबन कापून आधी वेगळी करा, तशीही ती चुकीची आहे. मग कापसाच्या काडीने गोंदावर ॲसिटोन, थांबून थांबून, खिडकी उघडी ठेवून, जवळ दिवा-शेगडी नको. मखमलीचा लाल रंग सुटेल, तो पदकावर येऊ देऊ नका. सुटलं की पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीचं पाकीट नको, रबरबँड तर नकोच.

आणि काढलं की कडेचा फोटो टाका. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ आडवा धरा, म्हणजे ठशांच्या सावल्या पडतात. तरी कळलं नाही तर पातळ कागद गुंडाळून मऊ पेन्सिल हलक्या हाताने फिरवा.

सुवर्णनगरी७

काढलं. व्हिक्टरीच्या मागे गोंदाचा डाग राहिलाय, तो तुम्हाला अर्पण.

टॉर्च लावला, कागदही लावला. हुद्दा आणि नाव वाचता येतं. शेवटी 'मराठाज', एल.आय. नाही. आकड्यात एक, एक, आणि पुढे गुळगुळीत. वरच्या बाजूला थोडी रेघ राहिलीय. मी ती सात धरली होती.

वाघूरकाठ

वरची रेघ आडवी आहे की तिरकी? आडवी असेल तर सात. तिरकी असेल तर चार किंवा सहा. व्हिक्टरीची कडही तशीच वाचा, जोडी एकाच माणसाची असेल तर तिच्यावर तोच आकडा असणार.

सुवर्णनगरी७

व्हिक्टरीला चिंच जास्त लागली होती.