आजीकडून सीन करून घेऊ का?

झाडीपट्टीवाला: आमच्या गोठणगावजवळ तिबेटी कॅम्प आहे, नॉर्ग्येलिंग, १९७२ पासूनचा. तिथल्या दोस्तासोबत मोबाइलवर शॉर्टफिल्म करून राहिलो. १९५९ मध्ये तिबेटातून बर्फातनं पळाले ते मीच करून दाखवते म्हणे त्याची आजी, पण तालमीत गाठोडं पाठीवर घेतलं अन् मधातच थांबली, गाठ सोडेचना. बंद करू का?

धानवाला: कर ना राजा! दंडारीतलं, म्हणजे आपल्या गावच्या लोकनाट्यातलं, रडणं वेगळं, हे वेगळं.

मास्तर: आजीलेच विचार न बाप्पा. कॅमेरा तिच्या हाती दे, नातू करल अॅक्टिंग. डॅनिश सिनेमा 'फ्ली' (२०२१) पाय, अफगाण निर्वासिताचा चेहरा अॅनिमेशननं लपवला, आवाज त्याचाच.

झाडीपट्टीवाला: देल्ला कॅमेरा. तिनं आधी नातवाचे बूट काढायला लावले.