पाम बीचवर ३२ किमी: थंडी असूनही २४ नंतर पोटऱ्यांत गोळे

नेरूळ_रनर
जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी चालू आहे. फुल (४२ किमी), टार्गेट ४:३० तास. रविवारी सकाळी ६ ला नेरूळहून पाम बीच रोडने वाशीकडे जाऊन परत, पेस (एका किमीला लागणारा वेळ) ६:१५ मिनिटं. २४ किमीपर्यंत ठीक, मग पोटऱ्यांत गोळे येतात आणि पेस ७:३० वर घसरतो. थंडीत तहान लागत नाही, ५०० मिलीची एक बाटली पुरते. पुढच्या रविवारी ३२ करायचेत. काय बदलू? आणि धुरक्यात पळावं का?

सागरविहार
४:३० साठी रेस पेस ६:२४ लागतो. तुम्ही लाँग रनच त्याहून वेगात पळताय. ३२ किमी ७:०० ने पळा. पावणेचार तास लागतील, म्हणून ४:३० ला निघा. आपली थंडी पहाटेपुरतीच; साडेआठला पाम बीचवर चांगलंच तापतं.

२४ किमीला तुमचे अडीच तास होतात. काही न खाता, त्या पेसने, तोवर ग्लायकोजेन (स्नायूंत साठवलेलं इंधन) आटत आलेलं असतं. पहिली एनर्जी जेल (पळताना खायची गोड, दाट पुडी) ४० मिनिटांनी, मग दर अर्ध्या तासाने. एका जेलमध्ये साधारण २०-२५ ग्रॅम कार्ब असतात. जेलवर फक्त साधं पाणी. इलेक्ट्राल प्यायलात तर पोटातलं द्रावण घट्ट होऊन मळमळतं. ते दोन जेलच्या मधे घ्या. मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच, अर्ध्या लिटरमध्ये कालवू नका.

पाणी आणि इलेक्ट्राल मिळून ताशी ४००-६०० मिली. एवढं अंगावर वागवण्यापेक्षा ८ किमीचे चार लूप करा आणि बाटल्या सोसायटीच्या वॉचमन केबिनमध्ये ठेवा. दर लूपला दिशा बदला. रस्त्याला कडेकडे उतार असतो, एकाच बाजूने पळालं की गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते.

येऊर_चढ
विंडचीटर नको. पहिले दोन किमी थोडी थंडी वाजली तर कपडे बरोबर आहेत. अंधारात रिफ्लेक्टिव्ह जॅकेट मात्र हवंच. पाम बीचवर गाड्या पहाटे सुसाट असतात, मुख्य रस्त्यावर उतरू नका. बगल आणि मांड्यांना व्हॅसलिन. रेसच्या मार्गातल्या पेडर रोडच्या चढासाठी आठवड्यात एकदा येऊर किंवा पारसिक हिल करा, पण उजाडल्यावर. येऊरला बिबट्याचा वावर आहे.

खारघर_पहाट
धुरक्याचं सांगते. थंड, वारा नसलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वर सरकत नाही, धूळ-धूर तिथेच साचतो आणि ऊन चढेपर्यंत हटत नाही. म्हणजे पहाटेची हवा गार असली तरी स्वच्छ असेलच असं नाही. निघण्याआधी समीर ॲपवर जवळच्या केंद्राचा एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) बघा. २०० च्या वर असेल तर माझ्या मते लाँग रन दुसऱ्या दिवशी ढकला. एका दिवसाने तयारी बिघडत नाही. एन९५ घालून तीन-चार तास पळणं जमत नाही, घामाने मास्क भिजतो आणि श्वास ओढावा लागतो. ठाणे-बेलापूर रोडची बाजू टाळा, एमआयडीसी आणि ट्रक दोन्ही तिथेच.

नेरूळ_रनर
आभार. ४०० की ६०० मिली, हे कसं ठरवायचं?

सागरविहार
पळण्याआधी आणि नंतर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. १ किलो घट म्हणजे ढोबळमानाने १ लिटर घाम. ६० किलोच्या माणसाची घट सव्वा किलोपर्यंत चालते, त्याहून जास्त असेल तर ६०० कडे जा. वजन वाढलं तर ताबडतोब पाणी कमी करा. रक्तातलं सोडियम पातळ होणं तहानेपेक्षा धोक्याचं.

येऊर_चढ
आणि हा ३२ चा रन रेसच्या तीन आठवडे आधी उरका. त्यानंतर एवढं लांब पळू नका.